पिकअपचे शॉकअप: कंपनीचं नाव नंतर, आधी टेप काढा

स्पेअर पार्टच्या दुकानात शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, घ्यायला जाऊन "पिकअपचे मागचे दोन शॉकअप द्या" म्हटलं की काउंटरपलीकडून एकच प्रश्न येतो: "साधे देऊ का हेवी?" गाडी माल वाहते, रस्ते आपले हे असे, म्हणून गिऱ्हाईक हेवी म्हणतं. काही महिन्यांत खालच्या बुशचं, म्हणजे बोल्टभोवतीच्या कड्याचं, रबर फाटतं, नाहीतर दांडी आतून उखडते, आणि बोल लागतो कंपनीला. विचारायला हवं होतं ते वेगळंच. पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मूळचे आहेत का वाढवलेत? गाडी भरलेली किती धावते आणि रिकामी किती? जुन्या शॉकअपची लांबी कुणी मोजली का?

इथे लिहितोय ते मुख्यतः मागे पाटे असलेल्या माल वाहणाऱ्या गाड्यांबद्दल, म्हणजे बोलेरो पिकअप, टाटा योद्धा या वर्गातल्या. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्सवाल्यांसाठी मध्ये एक तुकडा आहे.

पहिली गोष्ट, शॉकअप वजन उचलत नाही. वजन पाटे उचलतात. शॉकअपचं काम एवढंच की पाटा दबून परत उसळला की ती उसळी एका-दोन हेलकाव्यांत मारायची. आत तेल असतं, पिस्टनला बारीक भोकं आणि पत्र्याच्या पातळ चकत्यांचे व्हॉल्व्ह असतात. दांडी आत-बाहेर झाली की तेल त्या भोकांतून रेटलं जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन जाते. साध्या तेलाच्या शॉकअपची दांडी हाताने जिथे ठेवाल तिथे राहते, म्हणजे ती गाडीला एक किलोचाही टेकू देत नाही. जास्त दाबाच्या गॅसवाल्यात थोडा टेकू मिळतो, पण किती? दांडी १४ मिमी जाडीची आणि आतला दाब चौरस सेंटीमीटरला २५ किलो धरला तर हिशेब ३८ किलोच्या आसपास येतो. कांद्याच्या एका गोणीएवढाही नाही. त्यामुळे गाडी मागून बसली असेल तर शॉकअप बदलून ती उठणार नाही. पाटा वाकलाय, तुटलाय किंवा माल जास्त झालाय. तिथे शॉकअपवर घातलेले पैसे वाया.

मग शॉकअप गेला हे ओळखायचं कसं? कारला बॉनेटवर दाबून सोडतात तसं पिकअपच्या पाळण्यावर, म्हणजे माल ठेवायच्या हौद्यात, उभं राहून उड्या मारण्यात अर्थ नाही. माल वाहणाऱ्या रिकाम्या गाडीचे, म्हणजे लोडरचे, पाटे इतके कडक असतात की दोन माणसांनी ते हलतच नाहीत, आणि पाट्यांमधला गंज स्वतःच ब्रेकसारखं घर्षण देतो. शॉकअप पूर्ण मेलेला असतानाही अशी गाडी उभ्या जागी ठणठणीत वाटते. खरी परीक्षा हाताने होते. खराब रस्त्यावर १०-१५ किमी चालवा, थांबून चारही शॉकअपच्या अंगाला उलट्या हाताने हलकेच स्पर्श करा. काम करणारा कोमट ते गरम लागतो. एकाच ॲक्सलवरचा एक गरम आणि दुसरा थंड असेल तर थंड तो मेलेला. सायलेन्सरचा पाइप ज्या बाजूने जातो तिकडचा शॉकअप उगाचच गरम लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

टायरकडेही बघा. टायरच्या नक्षीवर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे पडले असतील तर चाक रस्त्यावर उड्या मारतंय. यात चाकाच्या बॅलन्सिंगचाही दोष असू शकतो, म्हणून तेही तपासून घ्यावं. तेलाच्या बाबतीत मात्र लोक उगाच घाबरतात. सीलखाली तेलाची पातळ, धूळ चिकटलेली झिलई असणं नेहमीचं आहे, दांडीला तेलाचा हात लागतच असतो. तेल ओघळून निम्म्या अंगापर्यंत आलं, थेंब पडायला लागले, म्हणजे सील गेलं. आणि नुसता खडखडाट येत असेल तर शॉकअप मागवण्याआधी बुश, शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या जोडाच्या) पिना आणि पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट बघा. पहार घालून हलवलं की कुठे खेळ आहे ते लगेच कळतं. बऱ्याचदा बुश बदलूनच आवाज जातो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ती अलाइनमेंट, टायर किंवा ब्रेकची गोष्ट आहे.

आता मुद्द्याकडे, म्हणजे लांबीकडे.

आपल्याकडे पिकअप घेतली की पहिल्या काही महिन्यांत एक पाटा वाढवला जातो, किंवा पाटे ठोकून त्यांचा बाक वाढवला जातो. गाडी मागून ३०-४० मिमी उठते. मालक खूश होतो, कारण भरल्यावर गाडी बसलेली दिसत नाही. शॉकअप मात्र जुन्याच लांबीचा राहतो. आता रिकामी गाडी उभी असतानाच त्याची दांडी बरीच बाहेर आलेली असते. गतिरोधकावरून उतरताना चाक खाली लोंबलं की दांडी पूर्ण ताणली जाते आणि आतला पिस्टन टोकाला आदळतो. दर खड्ड्याला एक हातोडा. आधी बुश फाटतो, मग बुश बसवायच्या कडीचं वेल्डिंग सुटतं, नाहीतर पिस्टनचा नट उखडतो. "हेवी" घ्या नाहीतर "सुपर हेवी", मोडतोड त्याच जागी होणार, कारण चूक लांबीची आहे.

म्हणून मोजा. गाडी सपाट जागी, रिकामी. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत टेप लावा. ही उभी लांबी. मग ॲक्सल आणि चासीखालचा बंप रबर (ॲक्सल वर येऊन चासीवर आदळू नये म्हणून बसवलेला रबरी तुकडा) यांच्यातली मोकळी जागा मोजा. ॲक्सल रबराला टेकल्यावर थांबत नाही, रबरही दबतं, साधारण त्याच्या उंचीच्या निम्म्यापर्यंत. शेवटी चासीला जॅक लावून मागची चाकं अधांतरी लोंबू द्या आणि चाक खाली किती गेलं ते मोजा. हे करताना शॉकअपचा खालचा बोल्ट काढलेला हवा, नाहीतर शॉकअपच चाकाला अडवेल आणि माप खोटं येईल. ब्रेकच्या रबरी पाइपवर डोळा ठेवा, तो ताणला जायच्या आत थांबायचं. जॅकवरच्या गाडीखाली घोडी (आधाराचा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय हात घालायचा नाही, हे मोजमापालाही लागू.

आकडे घालून बघू. समजा उभी लांबी ४३० मिमी आली. बंप रबरापर्यंत ७५ मिमी, रबर दबायला २५, म्हणजे ॲक्सल १०० मिमी वर जाऊ शकतो. मागचा शॉकअप सरळ उभा नसतो, तिरका असतो. २० अंशांचा तिरकेपणा धरला तर ॲक्सलच्या १०० मिमीला शॉकअप सुमारे ९४ मिमी दबतो. ४३० वजा ९४, उरले ३३६. पूर्ण दबलेल्या शॉकअपची लांबी याहून किमान १५ मिमी कमी हवी, म्हणजे ३२० पर्यंत चालेल. दुसऱ्या बाजूला, चाक ९० मिमी खाली लोंबलं तर शॉकअप ८५ मिमी ताणला जातो, ५१५ होतो. थोडी मोकळीक धरून पूर्ण ताणलेली लांबी ५२५ हवी. तर आपल्याला हवा तो शॉकअप ३२० ते ५२५, म्हणजे दांडीची चाल २०५ मिमीची.

आता याच गाडीला पाटा वाढवून ४० मिमी उचललं. उभी लांबी ४६८ झाली. जुन्या शॉकअपला ताणायला आधी ९५ मिमी होते, आता ५७ उरले. इथूनच हातोडा सुरू होतो. लांब शॉकअप घ्यावा म्हटलं तर दुसरी अडचण येते. दांडी जितकी लांब, तितकंच तिला सामावणारं अंगही लांब, त्यामुळे दबलेली लांबीसुद्धा वाढते. ३५० ते ५८५ चा शॉकअप लावला आणि बंप रबर जुन्याच जागी असेल तर भरलेली गाडी खड्ड्यात दबल्यावर रबर पुरतं दबायच्या आधीच शॉकअप आतून टेकेल. मग गाडीचं सगळं वजन एका बोटाएवढ्या दांडीवर. वरचा ब्रॅकेट चासीवरून फाटतो तो असा. उपाय म्हणजे चासी आणि बंप रबर यांच्यामध्ये, जेवढं कमी पडतं तेवढ्या जाडीचा ठोकळा नीट बोल्टने बसवून घ्यायचा. ठोकळा वेल्डिंगने चिकटवू नका, चासीला वेल्डिंगचा चटका देणं वाईटच.

पाटा वाढवल्याने आरसी बुकातली क्षमता वाढत नाही, हेही जाता जाता. ओव्हरलोड पकडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत.

आणि एक गोष्ट, जी पाटे बसवणारे सहसा सांगत नाहीत. अनेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडा किंवा स्प्रिंग गेलेली असते. गाडी किती दबली यावरून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी मागून उचलली की भरलेली असतानाही व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्यांवर. घाटात भरलेल्या गाडीला हे परवडणारं नाही. पाटा वाढवला असेल तर शॉकअप घ्यायच्या आधी या दांड्याचं सेटिंग मॅन्युअलप्रमाणे करून घ्या.

लांबी ठरली की बसायची जागा बघायची. खाली बहुतेक ठिकाणी बुशवाली कडी असते. बुशच्या आतल्या नळीचं भोक व्हर्नियरने मोजा, १२, १४ का १६ मिमी. १४ च्या नळीत १२ चा बोल्ट घालून वॉशर लावून भागवलं तर तो दोन मिमीचा खेळ रोज ठोकत राहतो आणि ब्रॅकेटचं भोक अंडाकृती होतं. बुशची रुंदीही जुळायला हवी. पुढच्या शॉकअपला वर कडीऐवजी आट्यांची दांडी आणि दोन रबरी चकत्या असू शकतात, तिथे आट्यांचा आकार बघावा लागतो. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक आणि प्रकारागणिक हे बदलतं. दुकानात गाडीचं नाव नका सांगू, चासी नंबर सांगा आणि जुना शॉकअप सोबत न्या. जाड अंगाचा शॉकअप घेत असाल तर तो ब्रेक पाइपला, टायरला, सायलेन्सरला घासत नाही ना, तेही गाडीखाली धरून बघा.

आता कडकपणा. इथे "हेवी" या शब्दाचा खरा अर्थ शोधावा लागतो, कारण खोक्यावर तो कुणीही छापतो. शॉकअप दाबताना वेगळा जोर लागतो आणि ताणताना वेगळा. रस्त्यावरच्या गाड्यांत ताणतानाचा जोर बहुधा दाबतानाच्या दुप्पट-तिप्पट ठेवलेला असतो, कारण खड्ड्याचा धक्का पाट्याने झेलायचा आणि परतीची उसळी शॉकअपने धरायची, अशी कामाची वाटणी आहे. उसळी मारायला किती जोर हवा हे पाट्याचा कडकपणा आणि वरचं वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतं. मागच्या ॲक्सलवर रिकामी असताना ७०० किलो आणि भरल्यावर २,१०० किलो असतील, तर वजन तिप्पट, पण शॉकअपची गरज सुमारे पावणेदोनपट. पाटा वाढवून कडकपणा २५ टक्के वाढला, तर त्यामुळे शॉकअप फक्त १२ टक्के जास्त कडक हवा. बाजारातले काही "हेवी" दोन्ही दिशांनी कितीतरी जास्त कडक असतात. ते मिरवायला ठीक, चालवायला नाहीत.

जास्त कडक असला तर बिघडतं काय? रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकाला लागोपाठच्या खड्ड्यांत परत खाली यायला वेळच मिळत नाही. एका खड्ड्यात दबलेलं चाक पुरतं परत यायच्या आत दुसरा खड्डा, मग तिसरा. गाडी हळूहळू खाली दबत जाते आणि शेवटी बंप रबरावर धडधडते. चालक म्हणतो, "शॉकअप मऊ आहे, अजून कडक लावा." उलट आहे. मुरूम टाकलेल्या कच्च्या रस्त्यावर, वळणावर, रिकाम्या पिकअपची मागची बाजू बाहेर सरकते तीही बऱ्याचदा याच कारणाने.

माझं मत सरळ आहे. जाताना भरलेली आणि येताना रिकामी अशी निम्मी-निम्मी धावणारी गाडी असेल तर कंपनीच्या मूळ कडकपणाचा शॉकअप लावा. कायम भरलेलीच असेल, म्हणजे पाळण्यावर पाण्याची टाकी किंवा यंत्र पक्कं बसवलेलं असेल, तर ताणतानाचा जोर वाढवलेला घ्या. फक्त ताणतानाचा. दुकानदाराला हा फरक सांगता येत नसेल तर मूळचाच घ्या.

शॉकअप किती तिरका बसलाय यानेही परिणाम बदलतो. उभ्यापासून ३० अंश कलला तर चाकावरचा परिणाम तीनचतुर्थांश राहतो, ४५ अंशांवर निम्मा. बॉडीवाल्याने ब्रॅकेट हलवून शॉकअप आडवा केला असेल तर नवा घेऊनही फरक पडणार नाही. मागे एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे असं दिसलं तर ती चूक नव्हे. ॲक्सिलरेटर दाबताना ॲक्सल पाट्यांसकट पिळला जाऊन चाकं नाचू नयेत म्हणून तसं मुद्दाम केलेलं असतं. अशा गाडीत डावा-उजवा वेगळ्या लांबीचा असू शकतो, काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

आता प्रकार. साध्या दुहेरी नळीच्या तेलाच्या शॉकअपमध्ये आतल्या नळीत पिस्टन आणि बाहेरच्या नळीत उरलेलं तेल व हवा असते. स्वस्त, दणकट, दगड लागून बाहेरची नळी थोडी चेपली तरी आतला पिस्टन चालत राहतो. वैगुण्य एकच, खराब रस्त्यावर सलग चालवलं की तेल आणि हवा घुसळून फेस होतो, आणि फेसातून पिस्टन सुळकन जातो. सकाळी चांगली असलेली गाडी दुपारी डोलायला लागते ती यामुळे. थंड झाल्यावर परत ठीक. दुहेरी नळीच्याच गॅसवाल्यात हवेच्या जागी कमी दाबाचा नायट्रोजन असतो, फेस बराच कमी होतो. लांबच्या पल्ल्याच्या गाडीला एवढा जास्तीचा खर्च मी योग्य मानतो. पाट्यांचं स्वतःचं घर्षण कमी असेल, म्हणजे एक-दोन जाड पॅराबोलिक पाटे असतील, तर जास्तच. जुन्या पद्धतीचे बरेच पाटे एकमेकांवर घासून थोडी उसळी स्वतः मारतात, पॅराबोलिक पाटे टेकतात फक्त टोकांशी आणि मध्याशी, म्हणून सगळी भिस्त शॉकअपवर.

एकेरी नळीचा, जास्त दाबाच्या गॅसचा शॉकअप ही वेगळी जात. नायट्रोजन आणि तेल यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे दोघांची भेटच होत नाही. तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्याने थंडही लवकर होतं. फ्रान्सच्या द कार्बोंच्या या रचनेवर जर्मनीच्या बिलस्टाइनने १९५० च्या दशकात काम केलं आणि ती मर्सिडीझच्या गाड्यांतून रुळली. पण लोडरसाठी मी ती सुचवत नाही. बाहेरची नळी हीच पिस्टनची नळी असल्याने खडीचा एक टोकदार दगड लागून नळी चेपली की पिस्टन तिथेच अडकतो. शिवाय गॅसच्या कप्प्यामुळे अंग लांब होतं, मागे मोजलेल्या ३२० मिमीत बसवणं कठीण जातं.

व्ही-क्रॉस आणि हायलक्सची गोष्ट निराळी. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल म्हणजे गुंडाळीची स्प्रिंग, मागे पाटे. पुढचा शॉकअप कॉइलच्या आत असतो, स्प्रिंग दाबायच्या पक्क्या साधनाशिवाय तो सोडवायचा नाही. दोरीने किंवा तारेने बांधलेली दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. लडाख, स्पिती, राजस्थानात खाजगी वापराने फिरणाऱ्यांना एकेरी नळी शोभते. दोन इंच उचलण्याचा किट घेणार असाल तर स्प्रिंग, पाटे आणि शॉकअप एकाच किटमधले घ्या, नाहीतर लांबीचा वर सांगितलेला सगळा घोळ परत.

नावांबद्दल थोडंच. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासूनची, तिचा एक कारखाना आपल्या चाकणलाच आहे. मोनरो हे नावही सहज मिळतं. अशा नावांची नक्कलही होते. खोकं बघू नका, माल बघा. पार्ट नंबर नळीवर कोरलेला किंवा छापलेला आहे का, वेल्डिंगची कड सारखी आहे का, दांडीवर क्रोम आरशासारखा आहे का. मग शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणा आणि दाबा. शेवटच्या वेळी, त्या-त्या दिशेला, जोर टोकापासून टोकापर्यंत सारखा लागला पाहिजे. मध्येच हात मोकळा सुटला किंवा खर्रकन आवाज आला तर परत द्या. ताणलेली आणि दबलेली लांबी दुकानातच टेपने मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, दुकानदार हसला तर हसू दे.

काही ठिकाणी जुना शॉकअप कापून, सील बदलून, तेल भरून, वेल्डिंग करून देतात. सांगण्यासारखं एवढंच की दांडीवर खड्डा किंवा ओरखडा असेल तर नवं सील आठवड्यात जातं, आणि इंजिनचं तेल भरलेलं असेल तर पहाटेच्या थंडीत शॉकअप दगड आणि दुपारी पाणी. गॅसवाला शॉकअप कापायला तर देऊच नका, आत दाब असतो.

बदलताना एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदला. आदल्या संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पुढच्या चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून अडवणारा ठोकळा) लावा, चासीला दोन घोड्या द्या, आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक ठेवा म्हणजे बोल्ट निघाल्यावर ॲक्सल धाडकन खाली जाणार नाही. जॅक थोडा वर-खाली केला की बोल्ट बोटांनी निघतो. हातोडा लागत असेल तर जॅकची उंची चुकलीय.

दुहेरी नळीचा नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरलेली असते. गाडीत बसतो तसाच उभा धरून पूर्ण ताणा, पूर्ण दाबा, पाच-सहा वेळा. मधे आडवा किंवा उलटा करू नका. हे न करता बसवला तर पहिल्या दिवशीच "नवा शॉकअप वाजतोय" म्हणून तक्रार येते. गॅसवाल्याला पट्टी बांधलेली असेल तर एक टोक बसवून मगच ती कापा.

दांडीला पकड किंवा पाइप पाना लावायचा नाही, कधीच नाही. क्रोमवर एक ओरखडा पडला की सील कापलं गेलंच. वरच्या आट्यांच्या दांडीवर हवेची गन चालवू नका, दांडी फिरून आतला पिस्टनचा नट सैल होतो. टोकाला चपटी जागा असते, तिथे पाना धरून नट हाताने फिरवा. रबरी चकती फुगून वॉशरच्या कडेपर्यंत आली की थांबा. बुशला ग्रीस किंवा तेल लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे.

सगळ्यात जास्त चुकणारी पायरी आता. बुशचा बोल्ट चाकं लोंबत असताना पक्का आवळायचा नाही. आत्ता फक्त हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, चार पावलं पुढे-मागे ढकला आणि मग आवळा. लोंबत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, मॅन्युअलमध्ये असतो तोच घ्या. तो हाताशी नसेल तर ८.८ खुणेच्या १२ मिमी कोरड्या बोल्टला ८० न्यूटन मीटरच्या आसपास, १४ मिमीला १२५ च्या आसपास धरतात, पण हे कडीतून आरपार जाणाऱ्या बोल्टपुरतं, वरच्या रबरी चकत्यांना नाही. नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की नवा घ्यायचा.

वीसेक किलोमीटर चालवून चारही शॉकअपला परत हात लावा, आणि ५०० किमीनंतर सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासा. रत्नागिरी-मालवण पट्ट्यात मासे वाहणाऱ्या गाड्यांना आणखी एक काम आहे. पाळण्यातून बर्फाचं खारं पाणी थेट मागच्या शॉकअपच्या खालच्या कडीवर ठिबकतं, आणि नळी बाहेरून धड दिसत असताना तळाचं वेल्डिंग गंजून पोकळ होतं. रोज खेप संपली की तिथे गोड्या पाण्याचा फवारा मारा. दांडीच्या सीलवर मात्र जोराचा प्रेशर वॉशर मारू नका, नाहीतर पाणी सीलच्या आत जातं. आणि पाळण्याचं पाणी बाहेर पडायचं भोक शॉकअपच्या डोक्यावरून हलवून बॉडीच्या मागच्या टोकाला घ्या.